पदपथ आहे, पण चालता येत नाही : पुण्यात सुरुवात कुठून करावी?

मुठाकाठ (धागालेखक)

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखड्याला मान्यता दिली. कागदाच्या बाबतीत हे शहर देशातल्या बहुतेक शहरांच्या पुढे आहे. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डीपी रस्त्यावर रुंद पदपथ झाले, बसायला बाके आली, आणि बाहेरगावच्या पाहुण्या अधिकाऱ्यांना नेऊन दाखवावे असे काहीतरी उभे राहिले. मात्र अशा रस्त्यावरून डावीउजवीकडे वळून चार गल्ल्या आत गेले की पदपथ एक तर अरुंद होतो, नाही तर कुणाच्या तरी फाटकापाशी संपतो, आणि चालणाऱ्याला वाहनांमध्ये उतरावे लागते.

धोरण चांगले की वाईट, हा वाद मला येथे घालायचा नाही. धोरण चांगले आहे. माझा प्रश्न मर्यादित आहे. एखाद्या प्रभागाला पादचारी आणि सायकलस्वारांसाठी थोडासा निधी मिळाला, तर त्यातला पहिला रुपया कुठे खर्च व्हावा?

आजवरची पद्धत अशी की एखादा रुंद, नावाजलेला रस्ता निवडायचा आणि तो ‘आदर्श’ करायचा. ही पद्धत उलटी आहे, असे माझे मत आहे. पायी चालणाऱ्याचा प्रवास त्यातल्या सर्वांत वाईट दहा मीटरवरून ठरतो. घरापासून बसथांब्यापर्यंत आठशे मीटर उत्तम पदपथ असेल आणि शेवटी सिग्नल नसलेला, सहा पदरी, वळणारी वाहने न थांबणारा चौक असेल, तर गुडघेदुखी असलेल्या आजी रिक्षाच करतील आणि आई मुलाला एकटे शाळेत पाठवणार नाही. अशा वेळी त्या आठशे मीटरवर केलेला खर्च त्या दोघींपुरता वाया गेलेला असतो.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्या देशभरातल्या लोकांपैकी सुमारे २२ टक्के पायी आणि सुमारे १३ टक्के सायकलने जातात असे दिसले होते. हे लोक आरोग्यासाठी किंवा पर्यावरणासाठी चालत नाहीत. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाया, सोसायट्यांचे रखवालदार, बांधकामावरचे मजूर आणि पहाटे पेपर टाकणारी मुले यांच्या येण्याजाण्याच्या वाटा शहराच्या ‘आदर्श’ रस्त्यांवरून क्वचितच जातात. सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे निघालेला गट येतो (त्यांच्याविषयी मला आदरच आहे), परंतु रात्रपाळी संपवून साध्या काळ्या सायकलवरून घरी जाणारा माणूस कोणत्याही बैठकीला बोलावला जात नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचवा मृत्यू. हे लोक कुणाला धडक द्यायला निघालेले नव्हते.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की शाळा, बसथांबे, दवाखाने आणि वस्त्या यांच्या आसपासचे रस्ता ओलांडण्याचे धोकादायक ठिकाण आधी दुरुस्त करावे, आणि सलग सुशोभीकरण नंतर करावे. आपापल्या भागाचा अनुभव आणि विशेषतः असहमती वाचायला आवडेल.

पेठकर

मुठाकाठ, तुमचा मुद्दा समजला, पण लक्ष्मी रस्त्यावर दुकान असलेल्या माणसाची बाजूही ऐका. २०२१ पासून ११ डिसेंबरला आमच्या रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहने बंद असतात, मुले रस्त्यावर चित्रे काढतात, मोठी माणसे फोटो काढतात, वातावरण खरोखर प्रसन्न असते. परंतु लग्नाचा बस्ता बांधायला हडपसरहून आलेले कुटुंब दहा खोकी हातात घेऊन कुठवर चालणार, याचे उत्तर त्या दिवशी कुणी देत नाही. माल उतरवण्याच्या टेम्पोला वेळ कोणती, हेही ठरत नाही. वर्षातून एक दिवस उत्सव आणि उरलेले ३६४ दिवस जैसे थे, यामुळे आमच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या मनात पादचारीकरणाविषयी उगाच अढी बसते.

मी विरोधक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आली आणि तेव्हापासून पायी येणारे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. मंडई स्थानकापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंतचा तो छोटा पल्ला जर कुणाचा धक्का न लागता चालता आला, तर आमच्यातले निम्मे लोक गाड्यांचा आग्रह सोडतील. म्हणजे तुमच्या ‘सर्वांत वाईट दहा मीटर’शी मी सहमतच आहे म्हणा ना.

रस्तेकर

मी स्थापत्य अभियंता आहे आणि पदपथांच्या कामांशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे, म्हणून पदपथ तुटतो कसा ते सांगतो.

पदपथाची निविदा लांबीवर निघते. दोन चौकांमधले सरळ अंतर मोजले जाते आणि तेवढे पेव्हर ब्लॉक बसवले जातात. गल्लीचे तोंड, सोसायटीचे फाटक आणि चौकाचा कोपरा यांचे स्वतंत्र रेखाटन बहुतेक वेळा नसते. जागेवर जे जमेल ते केले जाते. शिवाय पदपथाखालची आणि पदपथावरची प्रत्येक वस्तू वेगळ्या धन्याची असते. चेंबर मलनिःसारणाचा, विजेची पेटी वीज कंपनीची, झाड उद्यान विभागाचे, थांबा बससेवेचा. पथ विभागाचा अभियंता या सगळ्यांना चुकवत चुकवत पदपथ नेतो, आणि नकाशावर १.८ मीटर असलेली रुंदी पेटीपाशी येईपर्यंत साठ सेंटिमीटर उरते.

दुसरी गोष्ट उंचीची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकानुसार (आयआरसी १०३) चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढवले जाते, रस्ता वर येतो, मग पावसाचे पाणी चढू नये म्हणून पदपथ आणखी वर घेतला जातो. पदपथ फुटभर उंच झाला की दर फाटकाला उतरा आणि पुन्हा चढा. माणूस दोन वेळा हे करतो आणि तिसऱ्या वेळी सरळ रस्त्यावरून चालू लागतो. मग आपणच म्हणतो की लोकांना पदपथ वापरायची सवय नाही.

यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी पदपथ खाली उतरवायचा नाही. तो त्याच पातळीवर पुढे न्यायचा आणि वाहनाला चढउतार करायला लावायचे. वळणाऱ्या वाहनाचा वेग आपोआप कमी होतो आणि तेथे थांबायचे कुणी हे चालकाला पाटी नसतानाही कळते. हे सर्रास होत नाही याचे कारण द्वेष नसून पाणी आहे. उंचावलेला ओलांडमार्ग पावसाळी पाणी अडवतो, त्यामुळे त्याखालून नळ किंवा कडेने जाळीची पन्हळ द्यावी लागते, आणि तिची सफाई झाली नाही तर पहिल्याच जुलैत शेजारच्या दुकानात पाणी शिरते. त्या दुकानदाराचा फोन अभियंत्याला येतो. रस्ता ओलांडताना घाबरलेल्या आजींचा फोन कधीच येत नाही.

कोपऱ्यांविषयी एक वाक्य. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई जितकी मोठी, तितके वाहन वेग न कमी करता वळते. ही गोलाई कमी करण्याची चाचणी रंग, शंकू आणि चार कुंड्या एवढ्यावर महिनाभर करता येते, आणि जमले नाही तर उचलून ठेवता येते.

उत्तरा

रस्तेकर सर, आपला प्रतिसाद वाचून दाखवून घेतला. मी अंशतः अंध आहे आणि पांढरी काठी वापरते.

पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले जातात. त्यांत चाकाची खुर्ची जाण्यासाठी किमान ९० सेंटिमीटर अंतर हवे. परंतु बहुतेक दुचाकींचे हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खुर्ची जाईल तिथून दुचाकी जाणारच. म्हणून काही ठिकाणी खांब इतके जवळ घेतले जातात की दुचाकी थांबते आणि खुर्चीही थांबते. केवळ खांबांनी हा प्रश्न सुटत नाही. दुचाकी चढवण्याचा मोह मुळात का होतो, याकडे पाहावे लागते, आणि तो बहुधा रस्ता ओलांडण्याची दुभाजकातली फट फार दूरवर असल्यामुळे होतो.

पिवळ्या खुणेच्या फरशांबद्दलही सांगते. त्या आमच्यासाठी आहेत. उभ्या रेषांच्या फरशा ‘पुढे चला’ सांगतात आणि ठिपक्यांच्या फरशा ‘थांबा, पुढे धोका आहे’ असे सांगतात. माझ्या नेहमीच्या वाटेवर रेषांच्या फरशा थेट विजेच्या पेटीवर नेऊन सोडतात. फरशा बसवणाऱ्याला त्यांचा अर्थ कुणी सांगितलेला नसावा. ती त्याला नक्षी वाटली असणार.

सिग्नलच्या वेळेचेही तसेच. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद पुरतात. वयस्कर माणूस किंवा काठी घेऊन चालणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो असे धरले, तर ३० सेकंद लागतात. मधल्या दहा सेकंदांत आम्ही रस्त्याच्या मधोमध असतो. दुभाजकापाशी थांबायला सुरक्षित जागा दिली तर हा प्रश्न सुटतो, आणि तिला फार पैसे लागत नाहीत.

शंकासुर

सगळे छान आहे, पण तुम्ही लोक पुण्याला ओळखता का? २०१८ मध्येच नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली होती. ही वाहने हौसेने घेतलेली नाहीत. बस वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही, थांबली तर चढता येत नाही, म्हणून माणसाने हप्त्यावर दुचाकी घेतली. आता त्याच दुचाकीवाल्याचा रस्ता अरुंद करून तुम्ही त्याच्यावर न्याय करणार. पिंपरी-चिंचवडमध्ये रुंद पदपथांमुळे कोंडी वाढली अशी तिथल्या लोकांची ओरड आहे. आधी बस द्या, मग पदपथ रुंद करा. आणि सायकल मार्गाविषयी तर बोलूच नका. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गाबरोबर) झालेल्या सायकल मार्गाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

मुठाकाठ

शंकासुर, दुचाकीवाला खलनायक नाही हे मान्य. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांमध्ये सर्वाधिक वाटा दुचाकीवरच्या लोकांचाच आहे. परंतु ‘आधी बस, मग पदपथ’ या क्रमात एक अडचण आहे : बसचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पादचारी असतो. थांब्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तर बस वाढवूनही ती दुचाकीवाल्याला परत मिळवू शकणार नाही. शिवाय मी पदपथ रुंद करण्यापासून सुरुवात करा असे म्हटलेलेच नाही. चौक दुरुस्त करण्याला रस्त्याची रुंदी क्वचितच द्यावी लागते.

कोंडीबाबत मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बहुतेक रस्त्यांवर दोन्ही बाजूंचा एकेक पदर उभ्या गाड्या खातात, आणि ती जागा फुकट आहे. २०१८ साली शहरात सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर झाले, विरोधामुळे पाच रस्त्यांपुरते आकुंचित झाले आणि तेथेही रखडले. पदपथाने घेतलेले दीड मीटर डोळ्यांत भरतात, पण उभ्या मोटारींनी घेतलेले पाच मीटर कुणाला दिसत नाहीत.

सातारा रस्त्याचे उदाहरण तुम्ही दिलेत ते योग्यच आहे. २००६ साली सुरू झालेल्या त्या मार्गाबरोबर केलेला सायकल मार्ग जागोजागी तुटत होता आणि प्रत्येक चौकात सायकलवाल्याला वाऱ्यावर सोडत होता. तो अपयशी ठरला म्हणून पुण्याला सायकल नको आहे, असा निष्कर्ष निघत नाही. चौक न सोडवता सरळ तुकडे बांधले की काय होते, हे त्यातून दिसते.

कायदेकानू

चर्चेत कायद्याची बाजू राहिली आहे, म्हणून थोडक्यात मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी दिलेल्या आदेशात अडथळाविरहित आणि दिव्यांगांनाही वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले आणि राज्यांना त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये एक पोटकलम आले, ज्यान्वये पादचारी आणि यंत्राशिवाय चालणारी वाहने यांच्याविषयी राज्य सरकारला नियम करता येतात. असे नियम करावेत असा आदेश न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा दिला. म्हणजे या क्षेत्रात आता केवळ विनंती करायची नसून कर्तव्याची आठवण करून द्यायची आहे.

त्याच दुरुस्तीतले कलम १९८-अ कमी लोकांना माहीत आहे. रस्त्याचे रेखाटन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याचा वापर फारसा ऐकिवात नाही, कारण अपघाताच्या पंचनाम्यात वाहनचालकाची चूक लिहिली जाते, रस्त्याची लिहिली जात नाही. आपल्या भागात अपघात झाला, तर त्या जागेची रुंदी, दिवे, खुणा आणि अडथळे यांची छायाचित्रांसह नोंद त्याच दिवशी करून ठेवावी. आठवड्याभराने तेथे नवा पांढरा पट्टा मारलेला असतो.

डेल्फ्टहून

गेली काही वर्षे मी नेदरलँड्समध्ये राहते आणि मुलांना सायकलवर शाळेत सोडते. भारतातून आलेले पाहुणे हमखास म्हणतात की यांची संस्कृतीच सायकलची आहे, आपल्याकडे हे शक्य नाही. म्हणून येथला इतिहास सांगावासा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या देशानेही मोटारींसाठी शहरे फोडायला घेतली होती. १९७१ मध्ये येथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली, पालक रस्त्यावर उतरले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही विचार करायला भाग पाडले. म्हणजे आज दिसते ती ‘संस्कृती’ भांडून मिळवलेली आहे.

मुठाकाठ यांच्या प्रश्नाला लागू पडणारी गोष्ट त्यापुढची आहे. सत्तरच्या दशकात द हेग आणि टिलबर्ग येथे एकेक देखणा सायकल मार्ग प्रात्यक्षिक म्हणून बांधला गेला. त्या मार्गांवर सायकली दिसल्या, पण एकूण सायकल वापरावर अपेक्षित परिणाम झाला नाही, कारण लोकांना त्या एका मार्गावरच कुठे जायचे नसते. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्टने निराळा प्रयोग केला. शहरभराचे, विभागाचे आणि मोहल्ल्याचे अशी तीन पातळ्यांची जाळी आखली, आणि बराच खर्च नवे मार्ग बांधण्याऐवजी असलेल्या वाटांमधले तुटलेले दुवे जोडण्यावर केला : कुठे छोटा पूल, कुठे भुयार, कुठे एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जाण्याची मुभा. सायकलचा वापर त्यानंतर वाढला.

येथे मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली, तर भरपाईची जबाबदारी सामान्यतः मोटारचालकावर येते, आणि १४ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर जवळजवळ पूर्णतः त्याच्यावरच येते. त्यामुळे चालक मुलांच्या आसपास फार सांभाळून गाडी हाकतात.

माळरान

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहे. शहरातली ही चर्चा वाचून वाटले की आमच्याकडचेही सांगावे, कारण चालणारे आणि सायकलवाले खरे तर आमच्याकडे अधिक आहेत आणि आमच्याकडे पदपथ हा विषयच नाही.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमधल्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. ही योजना मला मनापासून आवडते. आठवीत गेल्यावर घरी बसवली जाणारी मुलगी सायकल मिळाल्यामुळे दहावीपर्यंत आलेली मी पाहिली आहे. परंतु ज्या खात्याने सायकल दिली त्याचा रस्त्याशी संबंध नाही, आणि ज्या खात्याने रस्ता केला त्याला या सायकलींची गंधवार्ता नाही.

आमच्या शाळेच्या आणि दोन वाड्यांच्या मधून चौपदरी महामार्ग जातो. रस्ता दुपदरी असताना मुली तो थांबून ओलांडत. आता मध्ये दुभाजक आहे, ओलांडण्याची फट दूरवर आहे आणि तेथपर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे मुलींना बराच फेरा पडतो. सेवा रस्ता अर्ध्यात संपतो. खालून जाणारे एक भुयार आहे, त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते आणि उन्हाळ्यात गुरे बसलेली असतात. त्यामुळे मुली रस्त्याच्या उलट्या बाजूने, समोरून येणाऱ्या ट्रकांकडे तोंड करून सायकल चालवतात. पोलीस पाटील त्यांना शिस्त शिकवायला सांगतात. मी शिस्त शिकवतो, पण तो रस्ता आखणाऱ्याने शाळेची वेळ आणि मुलींची वाट विचारली असती तर मला ती शिकवावी लागली नसती.

वेगाविषयीही लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीने धडक दिल्यास प्रौढ पादचारी मरण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते, आणि ८० च्या वेगाला ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते. महामार्गावर गाडी ८० च्या खाली असते तरी कधी? जेथे चालणारे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. आमच्या शाळेपुढे ‘सावकाश जा, पुढे शाळा आहे’ एवढी पाटी आहे, आणि ती बाभळीमागे आहे.

मुठाकाठ, तुमच्या ‘ओलांडण्याचे ठिकाण आधी’ या क्रमाला आमच्याकडून पूर्ण पाठिंबा.

भाजीमंडई

अजून कुणी पथारी व्यावसायिकांचा विषय काढला नाही याचे आश्चर्य वाटते. पदपथ मोकळे करा म्हटले की अतिक्रमण विभागाची गाडी सर्वप्रथम हातगाडीकडे जाते, कारण ती उचलायला सोपी असते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि विक्रीच्या जागा ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला. भाजीवाली साधारण दोन चौरस मीटर जागा घेते आणि तिचे शुल्क भरते. तिच्यासमोर उभी असलेली मोटार बारा चौरस मीटर घेते आणि काहीही भरत नाही. १.८ मीटर चालण्याची वाट पूर्ण मोकळी ठेवून तिच्या बाहेरच्या पट्ट्यात झाडे, दिवे, पेट्या आणि विक्रेते बसवता येतात, आणि काही ठिकाणी तसे झालेही आहे.

शिवाय संध्याकाळी सात वाजता बसथांब्यावरून घरी चालत येणाऱ्या मुलीला विचारा, की तिला सुनसान मोकळा पदपथ हवा की भुईमुगाच्या शेंगा विकणारी मावशी बसलेला पदपथ हवा. सुरक्षितता म्हणजे केवळ धडक न बसणे नव्हे.

पेठकर

भाजीमंडई यांचे म्हणणे दुकानदार म्हणून मला पूर्ण पटत नाही. आम्ही मिळकतकर भरतो आणि दुकानासमोर तोच माल विकणारा माणूस बसतो, हा वाद जुना आहे. परंतु बारा चौरस मीटरचा हिशेब मात्र विचार करायला लावणारा आहे. माझ्या दुकानासमोर दिवसभर उभी असलेली मोटार बहुधा शेजारच्या दुकानदाराची असते, गिऱ्हाइकाची नसते. हे आम्ही उघडपणे बोलत नाही.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. माळरान यांच्या प्रतिसादानंतर प्रश्न पुण्यापुरता राहिलेला नाही, पण हातात घेता येईल असे काम पुण्यातलेच आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक ही पद्धत आहे. आपण आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे प्रभागातली छोटी कामे सुचवू शकतो आणि त्यांत पदपथाची कामे बसतात. आजवर आलेल्या सूचना बहुधा ‘अमुक गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवावेत’ अशा असतात, आणि ते बसवलेही जातात. आपल्यापैकी जे एका प्रभागातले आहेत त्यांनी या वेळी लांबीची कामे न सुचवता ठिकाणे सुचवावीत. एखादी शाळा, बसथांबा किंवा वस्ती धरून तेथून पाच मिनिटांच्या चालीत जितक्या ठिकाणी पदपथावरून उतरावे लागते आणि जितक्या ठिकाणी वळणारे वाहन थांबत नाही, तेवढ्याच जागा नकाशावर मांडायच्या. रस्तेकर सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सूचनेत पाणी कुठे जाईल हे लिहायचे, नाहीतर प्रस्ताव पहिल्या टेबलावरच परत येईल. जागा अधिक झाल्या तर क्रम असा लावावा : आधी मुलांचा रस्ता, मग थांबा, मग दवाखाना. सायकलसाठी वेगळा मार्ग मागण्याआधी याच चौकांमध्ये वळणाऱ्या वाहनांचा वेग कमी झाला, तर काळ्या सायकलवाल्याचा निम्मा धोका कमी होईल असे मला वाटते. यावर सायकलस्वारांचे मत हवे आहे.

माझ्या प्रभागासाठी मी या महिन्यात पाहणी करणार आहे. सोबत येऊ इच्छिणाऱ्यांनी येथेच कळवावे.

रस्तेकर

मी येतो. पाहणी दुपारी बाराला ठेवू नका, तेव्हा सगळे चौक शहाण्यासारखे वागतात. शाळा सुटण्याच्या वेळी ठेवा. मोजपट्टी आणि पातळी पाहण्याची नळी मी आणीन. शंकासुर, तुम्हीही या. दुभाजकातल्या फटी कुठे हव्यात हे दुचाकीवाल्याइतके कुणाला कळत नाही.

शंकासुर

येतो. पण उभ्या मोटारी मोजायचे काम माझ्याकडे द्या.

उत्तरा

मीही येईन, आणि माझ्या ओळखीच्या एक बाई चाकाची खुर्ची वापरतात त्यांनाही विचारते. एक विनंती : एक फेरी दिवेलागणीनंतरही ठेवावी. दिवा झाडाच्या वर लावलेला असला की प्रकाश पानांवर पडतो आणि खाली काळोख राहतो, हे दिवसा कुणाच्या लक्षात येत नाही. आणि नकाशावर चेंबरची झाकणे स्वतंत्र खुणेने दाखवा. माझी काठी त्यांतच अडकते.